दर तासाला थांबा

"अजून दोन तास झाले नाहीत आणि दुसऱ्यांदा. ही मूल घेऊन चाललीय की पाण्याची टाकी?"

'ते रापा' नावाच्या गावातल्या पेट्रोल स्टेशनवर, टॉयलेटच्या दाराबाहेर उभ्या राहून सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. दार इतकं पातळ होतं की त्यांच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी सळसळलेलीही मला आत ऐकू आली. मी कडीवर हात ठेवून तशीच उभी राहिले. आता तो काहीतरी म्हणेल म्हणून थांबले. तो हसला. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. मॅनेजरच्या विनोदाला हसतात तसा.

"आई, हळू. ऐकेल ती."

"ऐकू दे की. आम्हीही पोरं जन्माला घातली. थोडी कळ काढायला शिकायला नको? तिकडे ऐन वेळेला काय करणार आहे?"

मी हात वाळवायचं मशीन सुरू केलं. बंद पडलं तसं पुन्हा सुरू केलं. बाहेर आले तेव्हा दोघं गाडीत बसलेले होते.

मला सातवा महिना होता. जॉन्सनव्हिलला नवऱ्याची मावशी राहते, तिच्या घरी माझं डोहाळजेवण होतं. ऑकलंडहून गाडीने जायला आठ-नऊ तास लागतात. मी एकदा विमानाचं सुचवलं होतं. पण सासूबाईंना हा देश बघायचा होता, आणि डोहाळजेवणाचं खोकं विमानात कसं नेणार? पुण्याहून त्यांनी ते स्वतः आणलं होतं: कापडी मोगऱ्याचे दागिने, थर्माकोलचा धनुष्यबाण, हिरव्या बांगड्या. ते माझ्या शेजारच्या सीटवर बेल्ट लावून ठेवलं होतं. मागे मी आणि खोकं. पुढे सासूबाई, कारण मागे बसलं की त्यांना मळमळतं.

माझ्या मिडवाइफने मला एक कागद दिला होता. दर तासाला थांबा. पाय मोकळे करा. पाणी पीत राहा. बेल्टचा खालचा पट्टा पोटाच्या खालून, मांड्यांवरून घ्या. नवऱ्याने तो कागद कौतुकाने फ्रिजवर लावला होता. तो अजूनही तिथेच होता.

"बाळाला काचेल गं," म्हणत सासूबाईंनी निघतानाच बेल्ट आणि पोट यांच्यामध्ये शालीची घडी सरकवली होती. घडीमुळे पट्टा वर चढून बरोबर पोटाच्या मध्यावर आला. हे चूक आहे हे मला माहीत होतं. मी "थँक्यू आई" म्हणाले.

मला मराठी बोलता येतं. मी वाढले इथेच. घरी आम्ही मराठीच बोलायचो. पण शाळा इंग्रजी, मैत्रिणी इंग्रजी, आणि सासूबाईंशी बोलताना मी प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून घेते. त्यात उद्धटपणा नको, लाडिकपणाही नको, आणि चूक तर नकोच, कारण चुकलं की त्या ते वाक्य मावशीला फोनवर ऐकवतात. वाक्य जुळेपर्यंत टॉयलेटची पाटी मागे गेलेली असते.

म्हणून 'ते रापा'नंतर मी सोपा मार्ग काढला. पाणी प्यायचं बंद केलं.

पुढे दोघांचं छान चाललं होतं. सासूबाई तिखटमिठाच्या पुऱ्या गुंडाळून नवऱ्याच्या तोंडात भरवत होत्या. तौपोला तळ्याकाठी फोटोसाठी गाडी थांबली. नवरा खिडकीशी येऊन म्हणाला, "अगं, तुला जायचंय का?" त्याने विचारलं नाही असं मी म्हणू शकत नाही. पण सासूबाई त्याच्यामागे उभ्या होत्या, भुवया किंचित वर करून. मी म्हणाले, "नाही." माझी बाटली भरलेलीच होती. मी ती खोक्यामागे ढकलली.

तौपो सोडल्यावर मी एकच काम केलं. रस्त्यावरचं प्रत्येक सार्वजनिक टॉयलेट फोनवर शोधून पाठ केलं. कुठलं पंपावर, कुठलं बागेत, कुठलं हायवेवरून दिसतच नाही. उपाशी माणूस हॉटेलांच्या पाट्या वाचत जातो तशी. तैहापेच्या पुढे अर्ध्या तासावरच्या एका लहानशा गावात तर ते कम्युनिटी हॉलच्या मागे आहे, डावीकडे वळून अर्ध्या मिनिटावर. खिडकीतून मला हॉलचं हिरवं छप्पर दिसलं आणि गेलं.

त्याच्या जरा आधी पोट पहिल्यांदा आवळलं. मुठीसारखं घट्ट झालं, मग सुटलं. पुन्हा आवळलं. पाय एवढे सुजले होते की चपलांचे पट्टे रुतत होते. आणि तौपोपासून बाळ हललं नव्हतं. शालीखाली हात घालून मी मोजत बसले. काहीच नाही. पुढे सासूबाई नवऱ्याला सांगत होत्या की त्याच्या वेळी त्या नवव्या महिन्यापर्यंत स्कूटरवर बँकेत जात होत्या, आणि हे मूल बघ कसं ठणठणीत निघालं.

मी वाक्य जुळवत राहिले. शेवटी नवऱ्याने पेट्रोलसाठी गाडी थांबवली तेव्हा मी आत गेले. जेमतेम थोडी लघवी झाली, गर्द पिवळी. बाहेर आले तर सासूबाई म्हणाल्या, "बघ, राहता येतं की नाही?"

संध्याकाळी जॉन्सनव्हिलला पोहोचलो. मावशीकडे शेजारच्या ताई सजावटीला आलेल्या होत्या. मूळच्या नाशिकच्या, इथे हॉस्पिटलात नर्स. त्या झोपाळ्याला माळ बांधत होत्या. त्यांनी आधी माझे पाय पाहिले, मग तोंड. खाली वाकून घोट्यावर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"बाळ शेवटचं कधी हललं?"

"तौपोला," मी म्हणाले.

त्यांनी हातातली माळ तिथेच टाकली. मला डाव्या कुशीवर झोपवलं, दोन मोठे ग्लास पाणी समोर बसून प्यायला लावलं आणि माझ्या मिडवाइफला फोन लावायला सांगितलं. तासाभरात हललं नाही तर लगेच हॉस्पिटल, असं ठरलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मावशीने पळत जाऊन तो बंद केला, जणू त्या आवाजानेही काही बिघडलं असतं. मी छताकडे बघत मनातल्या मनात बाळाची माफी मागत होते, इंग्रजीत, कारण ती भाषा मला शोधावी लागत नाही.

पस्तीस मिनिटांनी बाळाने लाथ मारली. मग आणखी एक, रागावल्यासारखी. हळूहळू पोट आवळणंही थांबलं.

नवरा रडला. सासूबाईंनी देवाला हात जोडले आणि माझ्याकडे वळल्या. "तोंडाने बोलायचं ना गं! आम्हाला काय स्वप्न पडतं?"

नवरा म्हणाला, "खरंच, सांगायचंस ना." तो माझा हात धरून बसला होता. मी हात काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला हिरवी साडी नेसवली. डोक्यावर कापडी मोगरा, हातात थर्माकोलचा धनुष्यबाण. झाकलेल्या वाट्यांपैकी मी उघडली तिच्यात बर्फी निघाली, म्हणजे मुलगी. सासूबाई "चला, लक्ष्मी" म्हणाल्या आणि पेढ्याची वाटी त्यांनी स्वतःच आत नेली. मग बायकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "काय गं, कसले डोहाळे लागलेत?"

मी वाक्य जुळवत होते. सासूबाई म्हणाल्या, "हिला एकच डोहाळा. टॉयलेटचा!"

सगळ्या हसल्या. एकीने तर डोळे पुसले. मीही हसले. त्या फोटोत मी खूप आनंदी दिसते. तो फोटो सासूबाईंच्या फोनवर अजून आहे. नर्सताई तेवढ्या हसल्या नाहीत. ओटी भरताना कानाशी म्हणाल्या, "परत जाताना पुढे बसायचं. आणि ती शाल फेकून दे."

परतताना मी पुढे बसले. बेल्ट पोटाखालून घेतला. नवरा तासाला थांबत होता, जरा जास्तच हळू आवाजात बोलत होता. मागे सासूबाई आणि खोकं. मावशीने सकाळी आग्रह करकरून त्यांना आदल्या दिवशीची बासुंदी वाढली होती.

बुल्स गाव मागे पडून बराच वेळ झाला होता, तेव्हा मागून बारीक आवाज आला. "अरे, जरा थांबता येईल का बघ ना. पोट ठीक वाटत नाहीये."

"आत्ता? आई, इथे काय असणार?" नवरा म्हणाला. "अगं, बघ ना फोनवर, जवळ काही आहे का?"

मला फोन बघायची गरज नव्हती. समोर हॉलचं हिरवं छप्पर दिसत होतं. आता उजवीकडे, अर्ध्या मिनिटावर. मी माझ्या बाजूच्या बाहेरच्या आरशात पाहिलं. त्यात सासूबाईंचा अर्धा चेहरा होता, कपाळ घामेजलेलं. त्यांनी खोक्याची कड घट्ट धरली होती. आणि त्या क्षणी मी रागावलेली नव्हते, हे मला इथे लिहायला हवं. राग असता तर थोडं बरं वाटलं असतं. मी अगदी शांत होते. वाक्य जुळवावं लागलं नाही.

गाडी हॉलवरून पुढे गेली. बाळ हललं. मी बाटलीचं झाकण उघडून दोन घोट पाणी प्यायले आणि मागे न वळता, मोठ्याने आणि स्पष्ट म्हणाले, "इथे काहीच नाही, आई. तैहापे येईपर्यंत थोडी कळ काढा."