बाई वर्गात नव्हत्या

बाईंनी पदर कमरेला खोचला की समजायचं, आता वर्ग रिकामा होणार. ‘भिंतींना काय शिकवायचंय? चला बाहेर,’ म्हणायच्या आणि धुळ्याच्या आमच्या मुलींच्या शाळेतला अख्खा वर्ग धूम ठोकायचा. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचे. खिडकीतून बघावं तर बाई पोरींसह पालथ्या पडून मुंग्यांची रांग बघतायत. मग माझ्या गणिताकडे कोण बघणार? तुम्ही तरी बघितलं असतंत का?

साठ सालानंतरची गोष्ट. बाईंनी सोनगीरच्या किल्ल्यावर सहल काढली. मुली डोंगर चढणार म्हणून गावात कुजबुज सुरू झाली. शाळेच्या कमिटीवरचे मारवाडी कापडवाले शेटजी म्हणाले, मुलगी येईल, पण मीही येणार. मुख्याध्यापिकांनी बजावलं, कुणाला साधं खरचटलं तरी हे बाहेरचं शिकवणं कायमचं बंद. बाईंचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

किल्ल्यावर भणाणता वारा. शेटजींची टोपी उडाली. टोपीमागे शेटजी, शेटजींमागे मुलगी, तिच्यामागे सगळा वर्ग. शेटजी घसरले ते बसल्या बसल्या खालपर्यंत गेले. जोडा एकीकडे आणि तळपायात बोरीचा काटा. मुलीनं बापाचा पाय मांडीवर घेऊन काटा काढला. झालं, संपलं सगळं, असं मला वाटलं. बाई मात्र म्हणाल्या, ‘शेटजी, काटा टाकू नका. कुठल्या झाडाचा ते मुलींना ओळखायचंय.’

शेटजी जे खदखदून हसायला लागले ते थांबेनात. मग अहिराणीत म्हणाले, ‘आपला दुकानमा इतला वारा नही, बाई. पुढला साल हिनी मायले बी आनसू.’

आणि आणलं. पुढच्या वर्षी मुलींपेक्षा आयाच जास्त, आणि उतारावरून घसरायला त्याच पुढे.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोपसमारंभाला हॉल भरला, शाल-नारळ आले, पण बाईंचा पत्ता नाही. मुख्याध्यापिका रडकुंडीला आल्या. अध्यक्ष म्हणून आलेले शेटजी उठले. ‘आठे काय धुंडतस? बाहेर चला.’

मेंदीच्या कुंपणापाशी बाई पाचवीच्या मुलींबरोबर उकिडव्या बसल्या होत्या. आम्हाला पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आत बुलबुलाची पिल्लं होती. शेटजींनी जोडे काढले आणि चवड्यांवर जाऊन शाल बाईंच्या खांद्यांवर टाकली. भाषण नाही, टाळ्या नाहीत. मुख्याध्यापिकासुद्धा उकिडव्या बसल्या.

दुसऱ्या दिवशी बाई बोदवडला, माहेरगावी गेल्या. मला फार चुकल्या-चुकल्यासारखं झालं. तासाला पाचवीच्या वर्गावर गेले तर वर्ग रिकामा. पोरी आपल्या आपण मेंदीपाशी जाऊन बसल्या होत्या. त्यांना आत बोलवायला मी दारापर्यंत गेले.

मग पदर खोचला.