दीड वाजताच्या कोंबड्या

सिस्टर कधी सॉरी म्हणाल्या नाहीत. ज्या देशात माणसं स्वतः ठेचकाळली तरी समोरच्या खुर्चीला सॉरी म्हणतात, तिथे तीस वर्षं नर्सिंग करून निवृत्त झालेली ही मिरजेची बाई कमरेवर हात ठेवून कुंपणापलीकडे उभी राहायची आणि मलाच सुनवायची, "कोंबड्या आहेत त्या, बाई. उकरणारच. तुझ्या फार्मसीत नोकरीला लावू का त्यांना?" असा संताप यायचा की हातातली झारी फेकून मारावी.

२०१२ साली आम्ही इथे टाकानिनी या उपनगरात घर घेतलं. आमची सगळी नवी वसाहत आणि कडेला सिस्टरांचं एकटं जुनं घर. मधे गुडघाभर उंचीचं कुंपण. त्यांच्याकडे सात कोंबड्या, सगळ्या मोकाट. आमच्या डेकवर, म्हणजे लाकडी ओट्यावर, अकरा कुंड्या. शेवंती, झेंडू, जास्वंद, आणि चार नर्सऱ्या पालथ्या घालून मिळवलेला एक मोगरा.

कुंड्या सासूबाईंच्या. सासरे गेल्यावर नवऱ्याने त्यांना पुण्याहून इकडे आणलं. आम्ही दोघं दिवसभर कामावर, नात मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देणार. सासूबाईंना बोलायला कुंड्याच उरल्या. सासऱ्यांना मोगरा फार आवडायचा. म्हणून रोज दुपारी दीडला, म्हणजे सासऱ्यांच्या जेवणाच्या वेळेला, त्या मोगऱ्यापुढे ताटलीत वरणभाताचा घास ठेवायच्या, वर तुपाची धार. हात जोडून लगेच आत. कावळ्याची वाट बघण्याचा प्रश्नच नव्हता, कारण इथे कावळे आहेत कुठे? "बघत बसलं की ते लाजतात," म्हणायच्या. सासरे होतेच तसे. अर्ध्या तासाने बाहेर जाऊन ताटली रिकामी दिसली की मगच स्वतः जेवायला बसायच्या. साळुंक्या नेत असतील, असं मी धरून चालले होते. साळुंक्या इथे ढिगाने.

घासाचं ठीक, पण कुंड्यांचं काय? आठवड्यातून चार वेळा तरी संध्याकाळी घरी यावं तर डेकभर माती, झेंडूची रोपं उताणी, शेवंतीत एखादी कोंबडी अंघोळ केल्यासारखी माती उडवत बसलेली. मी कुंड्यांत दगड रचले. कोंबड्यांनी दोन दगडांमधली माती उकरली. प्लास्टिकचे काटे उलटे खोचले. ते त्यांनी उपटले. शेवटी जालीम उपाय म्हणून घरचं पाव किलो लाल तिखट सगळ्या कुंड्यांवर पेरलं आणि मिटक्या मारत वाट बघत बसले. कोंबड्या आल्या आणि त्यांनी ते चवीने टिपलं.

आठवड्याभराने सिस्टर कुंपणाशी हजर. "काय घातलंस गं? अंड्यांचा बलक बघ कसा केशरी झालाय! कोंबडीला तिखट लागत नाही, एवढंही माहीत नाही? आणि म्हणे फार्मासिस्ट!" वर मलाच सहा अंडी. आमच्या घरात अंडं चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग मोगऱ्याला पहिल्या कळ्या आल्या. मोजून नऊ. सासूबाई दिवसातून दहा वेळा जाऊन बघायच्या. आणि एका संध्याकाळी कुंडी आडवी, मुळं उघडी, कळ्या मातीत. सासूबाई खाली बसून कळ्या ओंजळीत वेचत राहिल्या. ते मला बघवेना. मी तशीच कुंपणाशी गेले. "सिस्टर, कोंबड्या आवरा, नाहीतर मी कौन्सिलला फोन करीन."

"कर की. नंबर देऊ?"

बास. त्याच रविवारी मी हिरवी जाळी आणली आणि नवऱ्याला शिडीवर चढवलं. "जाऊ दे ना," तो चारदा म्हणाला. पाचव्यांदा म्हणायची त्याची हिंमत झाली नाही. कठड्यापासून छपरापर्यंत डेक बंद. कोंबडीच काय, चिमणीसुद्धा आत येणार नाही. सिस्टर त्यांच्या पायरीवरून सगळं बघत होत्या. जिंकल्यासारखं वाटलं मला.

मंगळवारी डोकं दुखत होतं म्हणून लवकर घरी आले, तर सिस्टर आमच्या डेकवर! हातात भलीमोठी कात्री, आणि जाळी टराटरा कापणं चाललेलं. माझं डोकंच फिरलं.

"पोलिसांना बोलावू का?"

"हळू बोल," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "ताई आत झोपल्यात. दोन दिवस दुपारच्या जेवलेल्या नाहीत. तुला पत्ता आहे का?"

मी मोगऱ्याकडे पाहिलं. ताटलीत घास तसाच होता. वर तूप थिजलेलं.

"त्या नव्या आल्या होत्या तेव्हा एकदा चार वाजता मी त्यांना इथे रडताना पाहिलं," सिस्टर म्हणाल्या. "घास तसाच, आणि बाई उपाशी. नर्स आहे मी, उपाशी माणूस मला लांबून ओळखू येतं. दुसऱ्या दिवसापासून दीड वाजता मी कोंबड्या कुंपणावरून इकडे हाकलते."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. घास खाल्ला की परत ये, हे काही त्यांना सांगता येत नाही. म्हणून तुझ्या कुंड्या."

"मग मला सांगायचं ना!"

"काय केलं असतंस तू? शिकलेली आहेस ना, समजावत बसली असतीस त्यांना."

मी नेमकं तेच केलं असतं. जाळी निघाली. फक्त मोगऱ्याला गळ्यापर्यंत तारेचा पिंजरा केला. सासूबाईंना काही कळू द्यायचं नाही, असं आमचं ठरलं. एकदम गोड वागलो तर त्यांना संशय येईल, म्हणून कुंपणावरचं भांडण चालू ठेवलं. आणि खरं सांगायचं तर मला भांडायचंच होतं. शेवंती काही परत आली नाही.

२०१८ मध्ये सिस्टर घर विकून दुसऱ्या शहरात, मुलीकडे रोटोटुनाला निघाल्या. तिकडे वर्षभरात त्या वारल्या. मला त्यांचा निघायचा दिवस आठवतो. कोंबड्या न्यायला दुपारनंतर एक ओळखीचे येणार होते. सिस्टर निरोप घ्यायला डेकवर आल्या. उद्यापासून घासाचं काय, या विचाराने आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

सासूबाई म्हणाल्या, "सिस्टर, सगळ्या देऊ नका. ती तांबडी ठेवून जा."

"कशाला, ताई?"

"ह्यांचा घास तीच खाते. बाकीच्या नुसत्या उकरतात."

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे.

"खिडकीतून दिसतं मला," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून."

"मग जाळी लावली तेव्हा बोलला का नाहीत, आई?" मी विचारलं.

"तू इतक्या हौसेने लावलीस. आणि तुम्ही दोघी माझ्यासाठी एवढ्या जीव तोडून भांडत होतात. म्हटलं, कशाला मधे पडा?"

सिस्टर पायरीवर बसल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. सासूबाई त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेल्या. घड्याळात सव्वा वाजला होता. मी कुंपण ओलांडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोंबडी धरली, ती तांबडी.