आमची गोलकीपर चांगुणा

कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीचा, रेखाचा फोन सकाळी आला, तेव्हा मी शाळेत शिकवायला जायच्या गडबडीत होते. ती म्हणाली, “सुने, चांगूला मारली गो.” मला वाटलं, कुठेतरी भांडण झालं असेल. कॉलेजातली चांगुणा आठवून मला त्यात नवल वाटलं नाही. मी विचारलं, “कुणी मारली? लागलंय किती?” रेखा म्हणाली, “तसं नाय गो... मारून टाकली.” तव्यावरची भाकरी जळून धूर झाला, तरी मी गॅस बंद केला नाही.

वैशाखरे गावाच्या वर डोंगराला टेकून चांगुणाची वाडी आहे. चांगुणा मुरबाडच्या कारखान्यात पॅकिंगला होती. त्या दिवशी संध्याकाळी कामावरून परतली, तेव्हा शेजारच्या सखूला तिच्या नवऱ्याने केसांना धरून अंगणात ओढलं होतं. त्याच्या डोक्यात संशय शिरला होता आणि हातात कोयता होता. दारादारांत माणसं उभी होती, पुढे कुणी होत नव्हतं. चांगुणाने खांद्यावरची पिशवी खाली टाकली आणि सरळ त्याच्या अंगावर गेली. पहिला वार तिच्या मनगटावर बसला, दुसरा मानेवर. तरीही तिने त्याला खाली पाडलं आणि माणसं धावत येऊन कोयता काढून घेईपर्यंत त्याच्या छातीवर बसून राहिली. मुरबाडला पोचायच्या आधी जीपमध्येच ती गेली. सखू वाचली. तिचा नवरा तुरुंगात आहे. बातमीत एवढंच आलं. बातमी लिहिणाऱ्याला चांगुणा माहीत नव्हती, म्हणून मी हे लिहिते आहे.

आमच्या शहापूरच्या कॉलेजात मुलींची हॉकीची टीम निघाली, ती सरांच्या हट्टापायी. सर म्हणजे आमचे क्रीडाशिक्षक. सगळीकडे कबड्डी खेळतात, तिथे आपला नंबर लागणार नाही, असं त्यांचं गणित होतं. मैदान म्हणजे मुरमाचा माळ. बॉल कुठल्या दगडावरून उडेल आणि कुणाच्या तोंडावर बसेल, याचा नेम नसे. मी सापगावची, शेतकऱ्याच्या घरातली, बचावाला खेळायचे. रेखा कधी बदली गोलकीपर, कधी पाणी आणणारी. सुरुवातीला गोलात उभं राहायला कुणी तयार नव्हतं. वसतिगृहात राहणारी एक काळी, रुंद खांद्यांची मुलगी रोज कडेला उभी राहून बघायची. सरांनी तिला विचारलं, “उभी राहशील का गं?” ती म्हणाली, “फक्त बॉल आडवायचा ना? का माणूस पण?” आम्ही हसलो. पहिल्याच दिवशी तिचा पुढचा दात अर्धा तुटला. रक्त थुंकून ती पुन्हा गोलात जाऊन उभी राहिली, आणि मग आमचं हसणं थांबलं.

त्या वर्षी आम्ही जिंकत गेलो. कसं ते आम्हालाही कळत नव्हतं. शहरातल्या मुली कृत्रिम गवतावर शिकलेल्या, त्यांचे पास सरळ रेषेत जायचे. आम्हाला दगडांची सवय, त्यामुळे आमची भीती मेलेली होती. नडग्या सुजलेल्या, नखं काळी पडलेली, एकमेकींच्या पायांना हळद-तेल लावत वसतिगृहाच्या ओसरीवर बसलेल्या... चांगुणा मधे पाय पसरून बसायची आणि कुणाला किती लागलं ते दाबून बघायची. जी ओरडेल तिला म्हणायची, “दुखतंय म्हंजे हाड शाबूत आहे.”

सीझनच्या मध्यावर तिचा काका आला. तिचे वडील लहानपणीच वारले होते, घरात काकाचं चालायचं. त्याने कुठेतरी तिचं लग्न ठरवलं होतं. मैदानावर येऊन तो आधी शिव्या द्यायला लागला, मग कडेला पडलेली एक स्टिक उचलून तिला मारायला लागला. चांगुणाच्या पायांना पॅड होते, छातीवर गार्ड होतं. ती हलली नाही. “मार काका,” ती म्हणाली, “इथं लागत नाय.” आम्ही घाबरून उभ्या. हेल्मेट तिने काढून हातात घेतलं होतं, ते काकाच्या लक्षात आलं. पुढचा फटका त्याने तिच्या डाव्या कानावर मारला. तो आवाज आजही मला कधी कधी वर्गात, खडू फळ्यावर टेकवताना आठवतो. ती गुडघ्यावर बसली, कानातून रक्त गळ्यावर उतरलं. मग मात्र आम्ही सगळ्या जणी स्टिक घेऊन तिच्याभोवती उभ्या राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं. सर धावत आले, तोवर काका शिव्या देत मागे सरकला होता. तो पुन्हा आला नाही. लग्न मोडलं. पण तो कान गेला तो गेलाच. पुढे आम्ही बचावातल्या मुली तिला उजवीकडूनच ओरडून सांगायचो.

घरून तिची आई आली, ती मात्र रडली नाही. लेकीच्या कानाची पट्टी बघून एवढंच म्हणाली, “खेळायचं सोडशील?” चांगुणा म्हणाली, “नाय.” आई म्हणाली, “मंग नीट जेव,” आणि फडक्यात बांधून आणलेल्या नाचणीच्या भाकऱ्या पुढे ठेवून परतीची एसटी पकडायला निघून गेली.

उपांत्य सामना मुंबईत होता. समोरच्या टीमची एक फॉरवर्ड फार चलाख होती. पंचांचं लक्ष नसलं की ती चांगुणाच्या बोटांवर स्टिक आपटायची, आणि जाता जाता “ए जंगली” असं काहीतरी हळू बोलायची. डाव्या बाजूने बोलायची, त्यामुळे चांगुणाला ते ऐकू येत नव्हतं. मला येत होतं. मध्यंतरात मी चांगूला सांगितलं नाही, पण तिला ओठांवरून कळलंच होतं. सामना संपत आला, आम्ही एका गोलने पुढे होतो. ती मुलगी बॉल घेऊन एकटी आत आली. चांगुणा गोल सोडून धावली. बॉल तिने पायाने बाहेर घालवला, तेवढं पुरेसं होतं. पण ती थांबली नाही. पूर्ण अंगानिशी त्या मुलीवर आदळली. गळ्याजवळचं हाड मोडलं, ते आम्हाला अर्ध्या मैदानातून ऐकू आलं. पंचांनी लाल कार्ड काढलं. ती मुलगी जमिनीवर पडून गुरासारखी ओरडत होती आणि चांगुणा तिच्याकडे बघत उभी होती. आम्ही सामना जिंकला, पण एकीनेही हात वर केला नाही.

परतीच्या गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती. म्हणाली, “सुने, तिचं हाड मोडलं ना, तवा मला बरं वाटलं. लय बरं वाटलं.” मग म्हणाली, “काकाला पण असंच वाटलं आसंल गो.” दोन दिवसांनी ती सरांना घेऊन त्या मुलीला बघायला गेली. मुलीच्या आईने दारातूनच हाकलून दिलं. चांगुणा म्हणाली, बरोबरच केलं.

अंतिम सामन्याला तिच्यावर बंदी होती. गोलात रेखा उभी राहिली. चांगुणा तारेच्या कुंपणापलीकडून घसा फुटेपर्यंत ओरडत होती, “बाहेर ये, रेके! आत नको थांबू!” आम्ही हरलो. रेखा रडायला लागली, तेव्हा चांगुणाने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, “माझ्यामुळं हरलो, तू कशाला रडतेस?” त्यानंतर मी तिला कुणावर हात उचलताना पाहिलं नाही. कारखान्यात कुणी काही बोललं, तरी ती गप्प राहायची, असं तिच्याबरोबरच्या बायका सांगतात. वाडीतल्या लोकांना तर ती कधी भांडली असेल हेच खरं वाटत नाही.

गेल्या रविवारी रेखा आणि मी वाडीवर गेलो. पाऊस संपल्यावर घरं सारवायचे दिवस आहेत. चांगुणाच्या घरी भिंतीला शेणमाती लावत होती ती सखू. मानेला पदर घट्ट गुंडाळलेला. तिला माहेर नाही, आणि नवऱ्याच्या घरात ती राहणार नाही. चांगुणाच्या आईनेच तिला आणून ठेवलं आहे. आम्हाला बघून सखू उठली आणि कुणी विचारायच्या आधीच बोलायला लागली, “मी तिला हाक नव्हती मारली ताई. आईची आण. मी कुणालाच हाक नव्हती मारली...”

“रोज तेच सांगते,” आई आतून म्हणाली. मग बाहेर येऊन आमच्यासमोर बसली. “कधी हिच्या तोंडाकडं बघवत नाय. हिच्यापायी माझी पोर गेली, आसं येतं मनात. मंग ही जेवली नाय की माझ्या घशाखाली घास उतरत नाय. काय करू, सांग.” रेखाने तिचा हात हातात घेतला.

सखू पुन्हा कामाला लागली होती. समोरची भिंत झाली, बाजूची झाली, तसे आम्हीही आईबरोबर घराच्या मागच्या अंगाला जाऊन बसलो. घराच्या मागच्या भिंतीवर गुडघ्यापासून छातीपर्यंत वाटीएवढे गोल खळगे पडलेले आहेत, काही ठिकाणी कुडाच्या काठ्या दिसतात. कामावरून आल्यावर चांगुणा तिथे बॉल आपटून अडवत बसायची. एकटीच. इतकी वर्षं. आई दर दिवाळीला ते खळगे बुजवायची आणि शिमग्यापर्यंत ते पुन्हा पडायचे. सखूने मातीचा गोळा हातात घेतला आणि पहिल्या खळग्यावर टेकवला.

“ऱ्हाऊ दे,” आई म्हणाली.

सखूने हात मागे घेतला. तिथेच उकिडवी बसून बोटाला लागलेली माती तिने दुसऱ्या हाताने हळूहळू काढून टाकली. आई उठली आणि चुलीकडे गेली. थोड्या वेळाने आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.