नानांनी निवडलेली टायरांची जोडी

"ही जोडी नही! शेठ, ही जोडी नही म्हनतो ना मी! आंधळ्यालेबी दिसते!"

ओरडत होते ते आमचे नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, पंचक्रोशीतले बैलांचे पारखी. त्यांच्या आवाजाबद्दल एवढंच सांगतो, ते केळीच्या बागेत बैलाला 'हो' म्हणाले की तिकडे भुसावळच्या यार्डात शंटिंगचं इंजिन थांबायचं. आणि इथं तर ते जळगावात, स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्यावर, पत्र्याच्या छपराच्या एका टायरच्या दुकानात ओरडत होते. छपरावरची कबुतरं उठली ती थेट मेहरूणच्या तळ्यावर जाऊन बसली. समोरचा चहावाला गिऱ्हाईक सोडून पाहायला आला, आणि गिऱ्हाईकही कपबशीसकट त्याच्यामागून आलं.

नानांच्या पुढ्यात मोटारसायकलचे दोन टायर उभे होते. एकाच्या अंगावर गोल फिरलेल्या सरळ रेघा, शेतात सऱ्या पाडाव्यात तशा. दुसऱ्याच्या अंगावर जाड चौकोनी गोट्या.

"नाना, ऐका तर खरं," शेठ शांतपणे म्हणाले. "रेघांचा पुढं बसतो. तो दिशा धरतो. गोट्यांचा मागं. तो माती धरतो अन् गाडी ढकलतो. साऱ्या दुनियेत असंच आहे."

"साऱ्या दुनियेनं बैल कधी घेतले?"

"पण हे बैल नाहीत, नाना. बैल शेजारी शेजारी चालतात. ही चाकं एकामागं एक."

"मंग तं अजूनच!" नाना म्हणाले. "मागच्यानं पुढच्याच्या पावलावर पाऊल टाकायचं, तं दोघायचं पाऊल सारखं नको?"

शेठनी पाण्याचा लोटा नानांपुढं केला. माणूस हुशार होता. नानांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी, खरं सांगायचं तर, आजही शोधतोय.

आता हे टायर का घ्यायचे होते ते सांगतो.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्करानं जुन्या गाड्यांचे लिलाव केले, त्यातून फिरत फिरत एक मोटारसायकल आमच्या गावी आली. आमचं गाव जळगावच्या पूर्वेला, केळीच्या मुलखात. मी तेव्हा पंचविशीत होतो आणि माझ्या अंगात पेट्रोल वाहत होतं. त्या गाडीवरून मी सावद्याला चहा प्यायला जायचो, आणि घरून निघताना चुलीवर ठेवलेलं दूध उतू जायच्या आत परत यायचो. टायर मात्र इतके झिजले होते की आतली हवा बाहेरून दिसायची. खडा लागला तर तो नाणं आहे की गारगोटी ते मला बसल्याजागी कळे.

माझे थोरले भाऊ मात्र वेगळ्या मातीचे. घरातला कारभार त्यांच्याकडे. बोलायचे इतकं कमी की त्यांनी वर्षभरात काढलेले शब्द एका पोस्टकार्डावर मावले असते. ते रोज गाडीकडे बघायचे, मग विहिरीकडे बघायचे. एक दिवस विहिरीच्या काठावर त्यांनी दगडी ओटा बांधायला घेतला. मी विचारलं, हे काय?

"इंजिनाले," ते म्हणाले.

म्हणजे माझ्या गाडीचं इंजिन उतरवून त्या ओट्यावर बसवायचं, त्याला पट्टा लावायचा आणि केळीला पाणी द्यायचं. मी हातापाया पडलो. आईनं रदबदली केली. शेवटी भाऊ एवढंच म्हणाले की जनावर दारात ठेवायचं तर त्याचं काहीतरी नाव झालं पाहिजे. माघात धुळ्याला मोटारसायकलींची शर्यत होती, नवशिक्यांसाठी. तिथं पहिला आलास तर गाडी राहील. नाही आलास तर ओटा तयार आहे.

म्हणून टायर. आणि आमच्या घरात पायांवर चालणारी किंवा चाकांवर फिरणारी कुठलीही वस्तू नानांनी पारखल्याशिवाय यायची नाही, म्हणून नाना.

तसं मी आधी जळगावभर चौकशी केली होती. मोटारसायकलवर फिरणारे एक डॉक्टर म्हणाले, रबर मऊ घे, जमिनीला चिकटतं. एक फौजदार म्हणाले, कडक घे, टिकतं. एक फोटोग्राफर म्हणाला, टायर कुठलाही घे, हवा थोडी कमी ठेव, टायर पसरून बसतो आणि वळणावर सटकत नाही. तिघांनीही एक गोष्ट मात्र छातीवर हात ठेवून सांगितली, की मातीवर पळवायची गाडी म्हणजे मागं गोट्यांचा टायर हवाच.

नानांनी कोणाचं ऐकलं नाही. ते कामाला लागले. त्यांनी एकेक टायर उभा करून त्याच्यावर थाप मारली आणि आवाज ऐकला. बोटानं कड दाबून दोन्ही बाजूंना बारीक चिरा पडल्यात का ते पाहिलं, जसं बैलाचं खूर पाहतात. वास घेतला. मग टायर दुकानाच्या फळीवरून रस्त्यावर सोडून दिला आणि डोळे बारीक करून त्याची चाल पाहिली. गोट्यांचा टायर उड्या मारत गेला आणि चहावाल्याच्या बाकाला धडकला.

"हा बुजतो," नाना म्हणाले.

रेघांचा टायर सरळ गेला, रस्ता ओलांडला, समोरच्या सराफाच्या पायरीशी हळूच टेकला आणि उभा राहिला. खोटं वाटेल, पण तो आडवा पडलाच नाही. सराफानं त्याला 'या' म्हटलं असंही मी पुढं बरीच वर्षं सांगत असे.

"हा. अन् याचाच भाऊ काढा."

"नाना," मी हळूच म्हणालो, "मागं गोट्यांचा नसला तर गाडी जाग्यावरच फिरेल. माझी गाडी विहिरीवर जाईल."

"तुह्या गाडीच्या आधी मी किती जोड्या पारखल्या?"

दोन्ही चाकांचं माप सारखं होतं, हे माझं दुर्दैव. नाहीतर मापाच्या नावाखाली तरी सुटलो असतो. रेघांचे दोन टायर घेऊन आम्ही घरी आलो. नवं जनावर दारात आलं की पायावर पाणी घालतात, तसं आईनं दोन्ही टायरांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि घास दाखवायला तोंड कुठं आहे ते शोधत राहिली.

धुळ्याची शर्यत गावाबाहेरच्या एका पडीक शेतात होती. एरवी तिथं बैलगाड्या पळायच्या. काळी माती, रूळ फिरवून दाबलेली, उन्हानं तव्यासारखी टणक झालेली. सातआठ गाड्या होत्या. धुळ्याच्या एका वकिलाचा मुलगा सगळ्यांत तयारीचा दिसत होता. त्याच्या टायरांवर सीताफळासारख्या गोट्या होत्या, पुढं आणि मागंही. त्यानं माझ्या गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"काय हो, दोन्ही चाकं पुढचीच? माघारी जायचा विचार नाही वाटतं!"

सगळे हसले. मीही हसलो, पण माझं हसू पोटापर्यंत गेलं नाही. त्या टणक जमिनीवर गोट्यांचे टायर असे सुटणार होते की मला त्यांची धूळसुद्धा मिळाली नसती. भाऊ बांधावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग लांब कुठंतरी पाहिलं. मला तो ओटा दिसायला लागला.

आणि तेवढ्यात खानदेशचा पाहुणचार आडवा आला.

बक्षीस द्यायला एक मोठे साहेब आणि त्यांच्या बाई येणार होत्या. बाई नेहमी पांढरं पातळ नेसतात अशी बातमी होती. त्यावर धूळ उडू नये म्हणून भरवणाऱ्यांनी पाण्याची पिंपं लादलेल्या बैलगाड्या आणल्या आणि मैदानावर सडा मारायला सुरुवात केली. एक फेरा झाला, छान झालं. पण पाहुणे आले नाहीत. गाडीवानांनी विचारलं, आता काय?

"पाव्हना येतस तवलगून मारा पानी!" मंडपातून कोणीतरी ओरडलं, म्हणजे पाहुणे येईपर्यंत मारत राहा.

पाहुण्यांनी यायला चांगलाच उशीर केला. आणि आमच्याकडचे लोक पाहुण्यांसाठी हात आखडता घेणारे नाहीत. विहीर आटेपर्यंत सडा चालू होता. शेवटी पाहुणे आले, बाई पांढऱ्या पातळात होत्या, आणि समोर काळी माती अशी मऊ, तकतकीत होऊन बसली होती की बांधावरच्या भाऊंनी त्या दिवशी पहिल्यांदाच तोंडातून काही काढलं. "अरे बाप्पा," एवढंच.

"बठ्ठा मांगे सरका!" असा पुकारा झाला, बघे सगळे मागं हटले, निशाण पडलं आणि आम्ही सुटलो.

मी सगळ्यांत मागं राहिलो. मागचं चाक जाग्यावरच भिरभिरलं, मला भीती होती तसंच. गोट्यांचे टायर मातीत रुतून, ती पकडून, धाडकन पुढं गेले. काळ्या मातीला कोणी इतक्या प्रेमानं धरलं तर ती काही त्याला सोडत नाही. प्रत्येक गोटीच्या मध्ये माती भरली, मातीवर माती चढली, ती चाकावरच्या पत्र्यापर्यंत पोचली. पहिल्या वळणाच्या आत एकेका चाकाचा घेर रांजणाएवढा, आणि त्याच्या पुढच्या वळणावर, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, बैलगाडीच्या चाकाएवढा झाला. मग चाकं अडकली. इंजिनं बोंबलत होती, आणि गाड्या नंदीसारख्या जाग्यावर. वकिलाचा मुलगा उतरून काडीनं माती उकरत होता. तो एका बाजूनं उकरी आणि दुसऱ्या बाजूनं भरे.

माझ्या टायरांना धरायला काही नव्हतंच, म्हणून मातीलाही त्यांना धरता येईना. रेघांत थोडी बसायची, थोडी सुटायची. मी दोन्ही पाय खाली सोडून बदकासारखा वल्हवत चाललो होतो. गाडी डावीकडं जाई, मी उजवीकडं जाई, आणि सरासरी आम्ही पुढं जात होतो.

तेवढ्यात दोरी ओलांडून नाना आत शिरले. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं. माझ्या गाडीच्या पुढं आले आणि दिव्याकडं तोंड करून उलटं चालू लागले.

"हां. सावकाश. नाक सरळ धर त्याचं. घाई नको."

"नाना, बाहेर जा! बाद करतील मले!"

"बोलू नको. त्याले दम लागला आहे. हां, माह्या राजा, हां."

हे 'राजा' मला नव्हतं, गाडीला होतं. गाडीनंही ऐकलं, हे कबूल केलं पाहिजे. शेवटच्या फेऱ्यात आमचा वेग असा होता की नानांना मधे थांबून आमची वाट पाहावी लागली. त्या वेळात त्यांनी बिडी पेटवली आणि वकिलाच्या मुलाला माती कशी उकरावी ते सांगितलं. शेवटच्या दोरीवरून मी गेलो तेव्हा माझ्या मागं कोणी नव्हतं. म्हणजे होते सगळेच, पण उभे होते.

मग पंचांत वाद झाला. गाडीबरोबर माणूस चालला, हे कसं चालेल? नियमात होतं की गाडीला कोणी मागून ढकलायचं नाही. नाना तर पुढं होते, आणि हात त्यांनी लावला नव्हता. पुढं चालणारा माणूस मागून ढकलतो कसा, असा प्रश्न दुसऱ्या पंचानं केला. पहिल्या पंचानं नियमांचा कागद उलटा करूनही पाहिला. शेवटी चांदीचा पेला मला मिळाला. बाईंच्या पातळावर धुळीचा एक कण नव्हता, हेही खरंच.

परतीला कापसाच्या एका ट्रकवर गाडी चढवली आणि आम्ही तिघं गाठोड्यांवर बसलो. पारोळ्यापर्यंत मी ड्रायव्हरला ओरडून शर्यत सांगत होतो. एरंडोल येईपर्यंत माझा वेग मेलगाडीच्या पुढं गेला होता. जळगावात शिरलो तेव्हा धुळ्याच्या लोकांना मी दिसलोच नव्हतो, फक्त वारा लागला होता. नाना पेला मांडीवर घेऊन झोपले होते. भाऊ गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत होते.

घरी आलो. गाडी उतरवली, आणि भाऊंनी ती ढकलत नेमकी विहिरीपाशी नेली, ओट्याला टेकवून उभी केली. मी नानांच्या हातातला पेला घेऊन मागोमाग धावलो. ते खाली बसले. मागच्या टायरच्या एका रेघेतून त्यांनी नखानं वाळलेली माती काढली, चुरली, टाकली. दुसऱ्या रेघेतली काढली. मग चाक हातानं हळूच फिरवून पाहिलं.

माझ्यानं राहवेना. "भाऊ, पहिला आलो ना मी? आता राहील ना गाडी?"

भाऊ हात झटकत उठले.

"राहील," ते म्हणाले. "चिखलात चालते. वखराले जुंपू."