तोमासा लेकीला हाणायला निघाली

डेलानो गावच्या द्राक्षबागांत तोमासाइतका भरभर हात कुणाचा चालत नसे, आणि तिचं तोंड हातापेक्षाही भरभर चाले. मजुरांच्या संपाला ती नाक मुरडायची, "रिकामटेकड्यांचे धंदे!" त्या रिकामटेकड्यांत तिची सतरा वर्षांची लेक ओरालियाही होती. शाळा बुडवून कार्टी रोज बागेसमोरच्या रस्त्यावर झेंडा घेऊन उभी राही.

घोषणांनी आतलं कुणी काम सोडून बाहेर येईना, तेव्हा एका सकाळी ओरालियानं भोंगा तोंडाला लावला आणि घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडलं. "ऐका हो! माझी आई इथं मुकादमाला 'साहेब, साहेब' करते आणि घरी त्याला बोकड म्हणते! कंबर शेकताना मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करते!"

अख्खी बाग खो खो हसली. तोमासाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कात्री टाकून, पायातली चप्पल हातात घेऊन ती तरातरा निघाली आणि बांध ओलांडून रस्त्यावर आली.

संपवाल्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "आली! तोमासा संपावर आली!" कुणी गळ्यात पडलं, कुणी हातात झेंडा कोंबला.

मागून मुकादम ओरडला, "बाहेर पडलीस ना? आता परत पाय ठेवायचा नाही!"

तोमासा गर्रकन वळली. "तुझ्या बागेत पाय ठेवतंय कोण, बोकडा?" आणि चप्पल त्याच्यावरच भिरकावली.

संप पाच वर्षं चालला. तोमासा शेवटपर्यंत हलली नाही. म्हातारपणी पोरं विचारत, "आजी, तुम्ही संपात कशा आलात?"

"संपात कोण मेलं आलं होतं? मी कार्टीला हाणायला आले होते. ते राहूनच गेलं."