फ्लेक्सवरचा पिवळा शर्ट

चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा तुमचा फोटो दाखवून कुणी तुम्हाला चोर ठरवलं, तर निर्दोष असल्याचा पुरावा तुम्ही कुठून आणाल?

चारकोपची ती घटना मी विसरू शकलेलो नाही, कारण तिच्यातली पहिली चूक माझी होती.

सकाळी बागेत फिरायला निघालेल्या एका निवृत्त शिक्षिकेचं मंगळसूत्र एका तरुणाने हिसकावलं आणि तो पळाला. चेहरा ओझरता दिसला, शर्टाचा रंग आठवत नाही, असं बाईंनी फिर्यादीत स्पष्ट सांगितलं होतं. मी तिथल्या पोलीस ठाण्यात अधिकारी होतो, तपास माझ्याकडे आला.

तिसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. बागेच्या फाटकासमोर एका स्थानिक पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला होता. खाली शुभेच्छुक म्हणून वीसेक पोरांचे फोटो. त्यातला पिवळ्या शर्टवाला त्या सकाळी बागेपाशी घुटमळत होता, असं खबऱ्याचं म्हणणं. मी मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो काढला, बाईंच्या घरी गेलो आणि त्या पोरावर बोट ठेवून विचारलं, "हाच का?"

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "हाच. हाच पिवळा शर्ट होता."

मी पुरवणी जबाब लिहिला, वाचून दाखवला. अशी ओळख पटवणं चूक आहे, हे मला माहीत होतं. पण रहिवाशांचा मोर्चा येणार होता आणि वरिष्ठ रोज विचारत होते. घाई झाली की पोलिसाला नियम अडगळ वाटू लागतात.

नोटीस देऊन मुलाला बोलावलं. बावीस वर्षांचा, वडील नाहीत. अंधेरीत विमानतळावर नोकरीसाठी त्याची निवड झाली होती. पोलिसांचा चारित्र्य दाखला शनिवारपर्यंत दिला नाही, तर नोकरी दुसऱ्याला जाणार होती. अटक नोंदवली असती, तर दाखल्याचा प्रश्नच मिटला असता.

चोरीच्या वेळी तो घरी झोपला होता. साक्षीदार फक्त आई. मी दोन तास तेच तेच प्रश्न फिरवून विचारले. खोटं बोलणारा माणूस दर वेळी नवीन तपशील जोडतो. हा मात्र एकच सांगत राहिला, की आपल्याकडे पिवळा शर्ट नाही, फोटो पांढऱ्या शर्टात काढलाय.

आमचा हवालदार म्हणाला, "मग फ्लेक्सवर काय हळद लागली रे तुझ्या शर्टाला?"

सगळे हसले. मुलगा हसला नाही. घरझडतीत त्याच्या आईने कपाट सताड उघडलं आणि मालवणीत मला सुनावलं, "साहेबांनू, ह्या कपाटात पिवळो शर्ट गावलो तर माकाच घेऊन चला."

शर्ट सापडला नाही. फेकून दिला असेल, असं हवालदाराचं मत. अटकेचे कागद टेबलावर तयार होते. पण मुलाचं ते एकच वाक्य मला टोचत होतं. फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचा नंबर होता. मी औद्योगिक वसाहतीतल्या त्याच्या गाळ्यात गेलो.

संगणकावर तिशीतली एक बाई बसली होती. फ्लेक्स तिनेच केला होता. मी शर्टाबद्दल विचारलं, तर तिलाच नवल वाटलं.

"साहेब, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पांढरा शर्ट कोण ठेवतो? श्रद्धांजलीचा बोर्ड वाटतो ना. सगळे पांढरे शर्ट मी रंगवते."

तिने मूळ फाइल उघडली. फोटोवर रंगाचे वेगवेगळे थर होते, एकावर एक पारदर्शक कागद ठेवावेत तसे. प्रत्येक थरापुढे डोळ्याचं छोटं चिन्ह. तिने त्यातलं एक चिन्ह दाबून बंद केलं आणि पिवळा रंग नाहीसा झाला. चुण्या त्याच, कॉलर तीच, शर्ट पांढरा.

चोराच्या अंगावर बाईंनी पाहिलेला शर्ट या जगात कुठेच नव्हता. तो फक्त त्या फ्लेक्सवर होता.

मी पिवळ्या आणि पांढऱ्या शर्टातले दोन्ही फोटो तिच्याकडून छापून घेतले, थेट शिक्षिकाबाईंकडे गेलो आणि ते त्यांच्यापुढे ठेवले. चूक माझी होती, हेही सांगितलं. त्यांनी पांढऱ्या शर्टातला फोटो हातात घेतला. मग म्हणाल्या, "मी याला फ्लेक्सवरच पाहिलंय, साहेब. रोज सकाळी बघते. म्हणूनच ओळखीचा वाटला."

त्याच दिवशी पोलीस ठाण्यात येऊन त्यांनी नवा जबाब दिला. बाकावर तो मुलगा आईसोबत बसला होता. बाई त्याच्यापुढे उभ्या राहिल्या. "चुकलं रे बाळा माझं." तो पटकन उठला आणि त्यांना बसायला जागा दिली. दाखला शुक्रवारी निघाला.

खबऱ्याचं त्या मुलाशी क्रिकेटवरून भांडण होतं, हे मी नंतर शोधलं. आधी शोधायला हवं होतं. खरा चोर महिन्याभराने दुसऱ्या गुन्ह्यात सापडला, मंगळसूत्रही मिळालं.

फोटोत रंग भरणारी ती बाई निर्दोष होती. तिने आपलं काम केलं आणि विचारल्यावर खरं ते दाखवलं. रंगवलेल्या चित्राला पुरावा मानणारा मी दोषी होतो. खाकी अंगावर होती म्हणून ती चूक लहान होत नाही, उलट मोठीच होते. पण एका कष्टकरी बाईने फाइल उघडली, दुसरीने आपला शब्द मागे घेण्याचं धाडस केलं आणि एका घराची चूल पेटली. माणसांवरचा माझा विश्वास अशा माणसांमुळे टिकला.

म्हणून तुम्हाला एक मागणं आहे. कधी पोलिसांपुढे जबाब द्यायची वेळ आली, तर जे आठवत नसेल त्याबद्दल "मला आठवत नाही" असं ठणकावून सांगा. आणि समोरच्या अधिकाऱ्याने ते वाक्य लिहिलं नसेल, तर तो जबाब बरोबर आहे असं म्हणू नका.