हलक्या खाण्याचं ओझं

उभी हयात गोदामात पोती उचलली. डोळे बांधून पाठीवर पोतं ठेवलं तरी आत डाळ आहे की साखर, हे मी सांगायचो. त्यामुळे वजनाच्या बाबतीत मला कोणी शहाणपण शिकवू नये, असा माझा समज होता.

बायको गेल्यावर चौथ्या मजल्यावर एकटाच राहू लागलो. लिफ्ट नाही. एकदा जिन्यात घेरी आली आणि पायरीवरच बसून राहिलो. मुलीला कळलं. ती म्हणाली, "बाबा, खोली सोडा आणि माझ्याकडे चला. नाहीतर पुढच्या महिन्यात येईन तेव्हा खालपासून वरपर्यंत न थांबता चढून दाखवा."

तिचं घर चांगलं, जावई भला. पण तिथे चहाचा कप कुठे ठेवायचा हेही मला विचारावं लागतं. खोली सोडायची नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "रक्त कमी आहे. हलकं खा, पण कसदार खा."

'हलकं' हा माझ्या धंद्यातला शब्द. तेवढाच घेऊन मी दुकानात गेलो. पाकिटं हातात तोलून पाहिली. दिसायला सगळ्यात मोठं आणि हाताला सगळ्यात कमी लागेल ते घेतलं. कुरमुरे, टोस्ट, फुगीर बिस्किटं. पथ्यात कसूर केली नाही. शेवटी शेवटी दुसऱ्या मजल्यावरच डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले.

मग माझा जोडीदार भेटायला आला. मोठ्या गोणीचं एक टोक त्याचं, एक माझं, अशी आम्ही नोकरी काढली. गोदामात त्याला सगळे 'डबी' म्हणायचे. आमचे डबे तीन मजली, वरपासून खालपर्यंत पांढरा भात. त्याची एकच छोटी डबी. तिच्यात शिजवलेले हरभरे, देठासकट पालेभाजी, कधी अंडं, कधी कलेजीचे तुकडे, वर कुटलेले तीळ. आईने लावलेली सवय, म्हणायचा. खायचा इतकं चावून की आम्ही विचारायचो, "रवंथ झालं का?" तो मान हलवायचा आणि चावत राहायचा. जेवणानंतर आम्ही ट्रकला टेकून जांभया द्यायचो. डबी सकाळच्याच चालीने पोती वाहायचा. घाई नाही, चुकारपणा नाही. मुकादमकी देऊ केली तर नको म्हणाला. ओरडायला जास्त ताकद लागते, म्हणे. फुशारकीचं खातं माझ्याकडे होतं.

डॉक्टरीणबाईंचे शब्द मी त्याला सांगितले, तसं त्याने माझं फडताळ उघडून एक पाकीट हातात घेतलं.

"हे काय?"

"हलकं."

"कशाने?"

"वजनाने. तोलून बघ."

तो खुर्चीत बसला आणि बराच वेळ हसला. "अरे गाढवा, पोटाला हलकं. पचायला. आणि कसदार म्हणाल्या होत्या, तो शब्द कुठे टाकलास?"

"जिन्यात पडला असेल."

हलकं चुकलं, तर कसदार म्हणजे वजनदार असणार, असं मी मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी बाजारातला सगळ्यात जड भोपळा आणला. प्रत्येक मजल्यावर बसत आणला. डबीने दारातच तो पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"पाणी वाहून आणलंस की रे. बरं, खा तोही. पण त्याच्यात मसूर घाल."

मग तो रोज यायला लागला. हरभरे भिजत घालायला लावायचा. भाजीचे देठ मी टाकले की उचलून परत पातेल्यात. हाडं मंद आचेवर ठेवून आम्ही गप्पा मारत बसायचो. कष्ट म्हणाल तर काहीच नाहीत. फक्त आदल्या दिवशी आठवण ठेवायची, आणि ते मला पोत्यापेक्षा जड गेलं. फरक पडला तेव्हा डबी म्हणाला, "गोळ्या चुकवू नकोस. सगळं श्रेय हरभऱ्याला देऊ नकोस."

मुलगी आली त्या दिवशी त्याने मला खालीच बजावलं, "पुढे मी. माझ्यापुढे जायचं नाही." माझी रीत म्हणजे पहिला मजला वाऱ्यासारखा आणि बाकीचे देवाच्या भरवशावर. त्याच्या चपलांवर नजर ठेवून चढलो. पाठीवर पोतं असल्यासारखा तो एकेक पाऊल टाकत होता.

"काका, जरा भरभर चला ना," मागून मुलगी म्हणाली.

"तू हो पुढे. आम्हाला वर पोचायचंय."

पोचलो. न थांबता. मुलीला सुनावायला एक खणखणीत वाक्य मी पहिल्या पायरीपासून जुळवून ठेवलं होतं. तोंड उघडलं, तर आत हवाच नव्हती.

"बाबा, बोला ना काहीतरी."

"अट चढायची होती," डबी म्हणाला. "बोलायची नव्हती."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायांकडे. "बरं. राहा इथेच. पण काका, तुम्ही येत राहा."

वाक्य म्हणण्याइतका दम मला आला, तोवर दोघं ताटं वाढून घेऊन बसली होती. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.